टेस्टोस्टेरॉन पुनर्भरण उपचार आणि पुरुषशरीरातील इस्ट्रोजेनचा समतोल : एक विवेचन

सारांश : टेस्टोस्टेरॉनची उणीव असलेल्या पुरुषांना ते संप्रेरक बाहेरून देण्याचा उपचार गेल्या काही दशकांत सर्वत्र वाढला आहे. या उपचारात इस्ट्रोजेन वाढते व ते औषधाने दाबून टाकले पाहिजे, असा समज व्यायामशाळांतून आणि काही प्रमाणात सुशिक्षित वर्गातही रूढ होत आहे. पुरुषाच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते व त्याची कार्ये अत्यावश्यक आहेत. त्यामुळे समतोल साधण्याचा मार्ग इस्ट्रोजेन दाबण्यातून जात नसून अचूक निदान, योग्य मात्रा आणि मेदनियंत्रण यांतून जातो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल, ॲरोमॅटेज, पुनर्भरण उपचार, मेद, प्रजननक्षमता.

१. प्रस्तावना

विदर्भाला व्यायामाची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. नागपुरातही जुन्या वस्त्यांतून आखाडे होते व काही आजही आहेत. या आखाड्यांच्या जोडीला आता जवळजवळ प्रत्येक वस्तीत आधुनिक जिम उभी राहिली आहे. दूध, बदाम आणि जोर-बैठका यांच्या जागी प्रथिनांचे डबे आले. त्यांच्या पाठोपाठ, उघडपणे नसले तरी, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनेही आली. इंजेक्शनाबरोबर 'इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून' एक गोळी घेण्याचा सल्लाही दिला जातो. ही गोळी बहुधा ॲनास्ट्रोझोलची असते. हे औषध मुळात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या स्तनकर्करोगासाठी वापरले जाते, याची कल्पना ती घेणाऱ्या तरुणाला क्वचितच असते.

दुसऱ्या बाजूस, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला, मधुमेह अथवा स्थूलतेने ग्रस्त असलेला आणि सतत थकवा जाणवणारा पुरुष हाही या उपचाराकडे वळत आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकांचा या दोन्ही गटांशी निकटचा संबंध येतो. पहिला गट वर्गात समोर बसलेला असतो, तर दुसऱ्या गटात आपण स्वतः वा आपले सहकारी असू शकतो. यास्तव हा विषय केवळ वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित मानता येणार नाही.

२. 'पुरुषी' व 'स्त्रैण' संप्रेरके : एका नामकरणाचा इतिहास

वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते व त्यामुळे नरलक्षणे टिकून राहतात, हे जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ साली कोंबड्यांवरील प्रयोगातून दाखविले. १८८९ मध्ये बहात्तर वर्षांचे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व आपली शक्ती परत आल्याचे जाहीर केले. त्या जलीय अर्कात संप्रेरकाचे प्रमाण नगण्य असणार, हे आज आपणास ठाऊक आहे. तथापि 'टोचून घेतलेले तारुण्य' ही कल्पना तेव्हापासून लोकमानसात रुजली. पुढे १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथे लाक्युर यांच्या गटाने टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

इस्ट्रोजेन हे मात्र प्रथम गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून वेगळे केले गेले असल्याने त्यास 'स्त्री-संप्रेरक' ही ओळख चिकटली. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक यांना चक्क घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात इस्ट्रोजेन मोठ्या प्रमाणात आढळले, तेव्हा ती एक विसंगती वाटली. वस्तुतः विसंगती निसर्गात नव्हती, ती नामकरणात होती. एक संप्रेरक पुरुषाचे व दुसरे स्त्रीचे, आणि दोन्ही परस्परांचे वैरी, ही जी समजूत त्या काळी रूढ झाली तीच आजच्या चुकीच्या औषधोपचाराच्या मुळाशी आहे.

३. टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायोलमध्ये रूपांतर

प्रौढ निरोगी पुरुषाच्या शरीरात दररोज साधारणतः ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते. त्याचा अल्पसा अंश ॲरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने इस्ट्राडायोलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेन गटातील सर्वांत प्रभावी संप्रेरकात, रूपांतरित होतो. हे विकर मेदपेशी, मेंदू, अस्थी, स्नायू आणि वृषण यांत आढळते. पुरुषाच्या रक्तातील सुमारे ८० टक्के इस्ट्राडायोल वृषणाबाहेरील ऊतींमध्ये घडणाऱ्या या रूपांतरातून येते व उर्वरित सुमारे २० टक्के थेट वृषणातून स्रवते.

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी एक साधे गणित पाहू. एखाद्या पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन ५०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर एका मिलिलिटरमध्ये ते ५,००० पिकोग्रॅम होते. त्याच पुरुषाचे इस्ट्राडायोल २५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर दोहोंचे प्रमाण २०० ला १ असे पडते. इतक्या अल्प मात्रेत असूनही इस्ट्राडायोलचे परिणाम दूरगामी असतात.

या दोन्ही संप्रेरकांवर मेंदूचे नियंत्रण असते. हायपोथॅलॅमसच्या आदेशाने पीयूषिका ग्रंथी एल.एच. आणि एफ.एस.एच. ही दोन संप्रेरके सोडते. पहिले वृषणातील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती चालविते, तर दुसरे शुक्रजंतूंच्या निर्मितीस साहाय्य करते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन व इस्ट्राडायोल पुरेसे झाले की मेंदूकडे 'आता पुरे' असा संदेश जातो आणि आदेश मंदावतात. या उलट नियंत्रणात इस्ट्राडायोलचा वाटा मोठा असतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यास मेंदूला ते पुरेसे वाटते, पीयूषिका ग्रंथीचे आदेश थांबतात व वृषणांचे स्वतःचे कार्य जवळजवळ बंद पडते. पुनर्भरण उपचाराचे बहुतेक लाभ आणि धोके या एका यंत्रणेवरून समजून घेता येतात.

४. पुरुषास इस्ट्रोजेन कशासाठी हवे?

या प्रश्नाचे उत्तर निसर्गातील काही दुर्मिळ अपवादांनी दिले. १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या पुरुषाचे उदाहरण प्रसिद्ध झाले. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होते, परंतु त्याचा ग्राहक जन्मतःच निकामी होता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अद्याप वाढतच होती, कारण हाडांच्या टोकांची वाढचक्ती बंद झालेली नव्हती. टेस्टोस्टेरॉन योग्य प्रमाणात असूनही त्याची हाडे विरळ झालेली होती. १९९७ मध्ये इटलीतील संशोधकांनी ॲरोमॅटेज विकरच नसलेल्या एका पुरुषाचा अभ्यास मांडला. त्यास टेस्टोस्टेरॉन देऊन हाडांना काही लाभ झाला नाही. इस्ट्राडायोल दिल्यावर मात्र वाढचक्ती बंद झाली व अस्थिघनता वाढली. पुरुषाच्या हाडांचे रक्षण टेस्टोस्टेरॉन करते हे खरे, पण ते मुख्यतः इस्ट्राडायोलमध्ये रूपांतरित होऊन करते.

दुर्मिळ व्यक्तींवरून काढलेला निष्कर्ष सामान्य पुरुषांना लागू पडतो काय, ही शंका रास्त आहे. तिचे निरसन २०१३ साली बोस्टन येथील फिंकेलस्टाईन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने झाले. त्यांनी २० ते ५० वयोगटातील निरोगी पुरुषांचे स्वतःचे संप्रेरक औषधाने थांबविले व त्यांना १६ आठवडे टेस्टोस्टेरॉन जेलच्या वेगवेगळ्या मात्रा अथवा औषधविरहित जेल दिले. १९८ पुरुषांच्या पहिल्या गटात टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायोलमध्ये रूपांतर होऊ दिले. २०२ पुरुषांच्या दुसऱ्या गटात ॲनास्ट्रोझोल देऊन ते रोखले. दोन्ही गटांची तुलना करता असे दिसले की, स्नायूंचे वस्तुमान व बल टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते, शरीरातील चरबी वाढण्याचे कारण मुख्यतः इस्ट्रोजेनची उणीव असते आणि कामेच्छा टिकण्यासाठी दोन्ही संप्रेरके आवश्यक असतात. शरीर 'कोरीव' व्हावे म्हणून इस्ट्रोजेन दाबणारा तरुण नेमका उलटा परिणाम ओढवून घेत असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

५. मेद, मधुमेह आणि भारतीय शरीर

मेदपेशी ॲरोमॅटेजचे मोठे केंद्र असल्याने या विषयात मेदाचे स्थान मध्यवर्ती आहे. येथे महाराष्ट्रातील एका संशोधनाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ इतकाच होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. 'बारीक दिसणारा, पण मेदाने भरलेला' हे भारतीय शरीराचे वैशिष्ट्य या तुलनेने जगासमोर ठळकपणे आले. काट्यावरील वजन समाधानकारक असलेल्या आपल्याकडील पुरुषाच्या पोटात संप्रेरकांवर परिणाम करणारा मेद असू शकतो, हा त्याचा प्रस्तुत विषयापुरता अर्थ होय.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणे ही सामान्य बाब आहे. अमेरिकेत कार्यरत असलेल्या धिंडसा, दंडोना आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अभ्यासलेल्या १०३ मधुमेही पुरुषांपैकी सुमारे एकतृतीयांशांत मुक्त टेस्टोस्टेरॉन कमी आढळले. वाढलेला मेद टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायोल करतो, ते मेंदूस 'पुरे' असा संदेश देते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन घटते व मेद आणखी वाढतो, असे दुष्टचक्र यामागे असल्याचे अनेक वर्षे मानले जात होते. त्याच संशोधकगटाने २०११ साली असे दाखविले की, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या मधुमेही पुरुषांत इस्ट्राडायोलही कमीच असते. म्हणजेच 'पोट सुटले, तेव्हा इस्ट्रोजेन वाढलेच असणार' हे गृहीतक तपासणीविना स्वीकारता येत नाही. इन्सुलिनला शरीराने दाद न देणे आणि मेदामुळे होणारा सौम्य दाह यांचाही पीयूषिकेच्या आदेशांवर परिणाम होतो. अशा पुरुषांत वजन घटविल्यास टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते, आणि हाच पहिला उपचार मानला पाहिजे.

६. निदान : उपचाराआधीची पायरी

पुनर्भरण उपचाराची खरोखर गरज असणारे पुरुष निश्चितच आहेत. क्लाइनफेल्टर लक्षणसमूह, म्हणजे एक्स-एक्स-वाय गुणसूत्ररचना, असलेले पुरुष, पीयूषिका ग्रंथीचा अर्बुद असलेले रुग्ण, तसेच गालगुंड, केमोथेरपी वा अपघात यांमुळे वृषणांची हानी झालेल्या व्यक्ती यांना हा उपचार सन्मानाने जगण्याचे साधन ठरतो. विदर्भात सिकलसेल विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकाराच्या रुग्णांत वयात येणे लांबते व संप्रेरकांची उणीव आढळू शकते. अशा रुग्णांबाबतचा निर्णय रक्तविकार व संप्रेरकतज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यावा लागतो.

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार निदानासाठी दोन अटी आहेत : उणिवेची लक्षणे असली पाहिजेत आणि सकाळी उपाशीपोटी केलेल्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन एकाहून अधिक वेळा कमी आढळले पाहिजे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते व जेवणानंतर घटते. त्यामुळे दुपारी जेवून केलेल्या एकाच चाचणीवरून आयुष्यभराचा उपचार सुरू करणे शास्त्राला धरून नाही. आजारपणाच्या काळातील चाचणीही दिशाभूल करते. याशिवाय एल.एच. व एफ.एस.एच. तपासल्याविना दोष वृषणात आहे की मेंदूत, हे कळत नाही.

इस्ट्राडायोलच्या चाचणीबाबत एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळांतील नेहमीची प्रतिपिंडाधारित पद्धती स्त्रियांच्या उच्च पातळ्यांसाठी विकसित झाली असून पुरुषांच्या अल्प पातळीवर ती पुरेशी अचूक नसते. वस्तुमान वर्णपटमापनावर आधारित पद्धती अधिक विश्वसनीय होय. चाचणीच्या अहवालावर पद्धतीचे नाव पाहण्याची सवय यासाठी हवी. पद्धतीच चुकीची असेल तर 'वाढलेले इस्ट्रोजेन' हा आकडा निव्वळ भास असू शकतो.

७. उपचारकाळात समतोल कसा राखावा?

उपचारात टेस्टोस्टेरॉन वाढले की इस्ट्राडायोलही त्याच्या मागोमाग वाढते. हे अपेक्षित असून बहुतांशी हितकारक आहे. ज्या पुरुषास कोणताही त्रास नाही, त्याच्या केवळ आकड्यावर उपचार करण्याचे कारण नसते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या सूत्रांतही स्तनासंबंधीची लक्षणे असणाऱ्या पुरुषांत उपचारापूर्वी इस्ट्राडायोल मोजावे असे म्हटले आहे. सर्वांचे सरसकट मोजावे, असे त्यात नाही.

स्तनाग्रे दुखणे, स्तनांची वाढ होणे किंवा पायांवर सूज येणे अशी लक्षणे दिसल्यास प्रथम मात्रेकडे पाहावे लागते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मोठी मात्रा टोचल्यास टेस्टोस्टेरॉन आरंभी उसळते व शेवटी तळ गाठते. उसळीच्या काळात रूपांतरही अधिक होते. तीच मात्रा विभागून आठवड्यास दिल्यास किंवा त्वचेवर लावावयाचे जेल वापरल्यास ही चढउतार कमी होते. त्यानंतर मेद, मद्यपान, यकृताची स्थिती आणि इतर औषधे यांचा विचार करावा लागतो. स्पायरोनोलॅक्टोन हे औषध किंवा यकृताचा जीर्ण विकार यांमुळेही पुरुषांत स्तनवृद्धी होते. या सर्व गोष्टी पाहून झाल्यावर क्वचित प्रसंगी तज्ज्ञ इस्ट्रोजेनविरोधी औषधाचा अल्पकाळ विचार करतात. वयस्क पुरुषांना वर्षभर ॲनास्ट्रोझोल दिलेल्या अभ्यासात त्यांच्या मणक्यांची अस्थिघनता घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. यास्तव प्रतिबंधक म्हणून ही गोळी नियमित घेणे समर्थनीय नाही.

संप्रेरकांचा समतोल केवळ इस्ट्रोजेनशी निगडित नाही. टेस्टोस्टेरॉन तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढविते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या आकारमानाचे प्रमाण, ५४ टक्क्यांहून अधिक झाल्यास उपचार थांबवावा लागतो. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे एक हजार पुरुषांवरील प्रयोगात टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांत हिमॅटोक्रिटने ही मर्यादा गाठली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅव्हर्स' या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत टेस्टोस्टेरॉनमुळे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांत वाढ दिसली नाही. तथापि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे आणि फुप्फुसातील रक्तगुठळ्यांचे प्रमाण अधिक आढळले. २०२४ मध्ये त्याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात अस्थिभंगही अधिक दिसले. उपचार सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी व पुढे दरवर्षी टेस्टोस्टेरॉन व हिमॅटोक्रिट यांची तपासणी करणे, तसेच वयानुसार प्रोस्टेट ग्रंथीवर लक्ष ठेवणे आवश्यक आहे, ते यासाठी.

८. तरुणांपुढील धोका : प्रजननक्षमता

तरुण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब प्रजननक्षमतेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनची चाचणी घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिले असता सुमारे दोनतृतीयांश पुरुषांच्या वीर्यातील शुक्रजंतू सहा महिन्यांत पूर्णतः नाहीसे झाले. पौरुष वाढविण्यासाठी घेतले जाणारे औषध प्रत्यक्षात गर्भनिरोधकाचे काम करते! कारण वर सांगितल्याप्रमाणे पीयूषिकेचे आदेश थांबतात व वृषणांतील शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडते. जिममध्ये मिळणारे २५० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन दर आठवड्यास घेणारा तरुण, एस्टरचे वजन वगळले तरी, १७० मिलिग्रॅमहून अधिक टेस्टोस्टेरॉन घेत असतो. निरोगी शरीर आठवडाभरात जे तयार करते त्याच्या कित्येक पटींनी हे अधिक आहे.

औषध बंद केल्यावर बहुतेकांत शुक्रजंतूंची निर्मिती पूर्ववत होते, परंतु त्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. या मधल्या काळात थकवा, खिन्नता आणि कामेच्छेचा अभाव जाणवतो व ते टाळण्यासाठी तरुण पुन्हा इंजेक्शनाकडे वळतो. आपल्या समाजात मूल न होण्याचा दोष प्रथम पत्नीवर येतो व तिच्याच तपासण्या सुरू होतात. पतीने लग्नापूर्वी घेतलेल्या इंजेक्शनांची वाच्यता होत नाही. एका चुकीच्या समजुतीची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच व्यक्तीस मोजावी लागते.

कायद्याची बाजूही विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. भारतात अशी संप्रेरके अनुसूची 'एच' मध्ये येतात व वैद्यकीय चिठ्ठीविना त्यांची विक्री करता येत नाही. टेस्टोस्टेरॉन आणि ॲनास्ट्रोझोल ही दोन्ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूची संपूर्ण कारकीर्द यामुळे धोक्यात येऊ शकते.

९. समारोप

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेन ही एकाच साखळीची दोन कडी आहेत. पहिल्याचे अनेक लाभ दुसऱ्याच्या द्वारेच शरीरास मिळतात. पुनर्भरण उपचाराचे यश निदान अचूक आहे काय, मात्रा शरीराच्या नैसर्गिक मर्यादेत आहे काय, मेद व मधुमेह आटोक्यात आहेत काय आणि तपासण्या वेळेवर होतात काय, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. इस्ट्रोजेनचा आकडा खाली आणणे हे या उपचाराचे उद्दिष्ट नव्हे.

मराठीत लैंगिक आरोग्याविषयी शास्त्रीय भूमिकेतून उघडपणे लिहिण्याची परंपरा एका महाविद्यालयीन प्राध्यापकापर्यंत मागे जाते. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. त्यांनी १९२१ साली संततिनियमन केंद्र सुरू केले, या कार्यापायी नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे, असे त्यांनी मानले नाही. आज जीवशास्त्राच्या तासाला, शारीरिक शिक्षण विभागात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात किंवा विद्यार्थ्याशी होणाऱ्या खाजगी बोलण्यात ही माहिती संकोच न बाळगता देणे प्रत्येक प्राध्यापकास शक्य आहे. जिममधील सल्लागार विद्यार्थ्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलतो. आपण गप्प राहिलो, तर त्याने ऐकलेला तो एकमेव आवाज ठरेल.